तपासलं कुणी, तेही लिहा

‘रिव्ह्यू काय, कुणीही करतं, कोड लिहिणं हे खरं काम.’ ओपन सोर्समध्ये वावरणाऱ्या माणसाला हे वाक्य किती वेळा ऐकावं लागतं, याला सुमार नाही. म्हणणारे सगळेच वाईट आहेत असंही नाही. त्यांतल्या काहींनी लिहिलेला कोड मी रोज वापरतो, काहींकडून मी शिकलो आहे. म्हणूनच हे मत कानाआड करून भागत नाही. ते चुकीचं आहे, आणि आपण ते मुकाट ऐकून घेतो म्हणून माणसांचंही नुकसान होतं आणि सॉफ्टवेअरचंही.

आधी ते मत त्यांच्याच बाजूने नीट मांडतो, म्हणजे मी त्यांच्या तोंडी भलतंच काही घातलं असं व्हायला नको. ओपन सोर्स प्रकल्पात एक जण बदल लिहून पाठवतो, म्हणजे पॅच पाठवतो. दुसरा तो ओळ न् ओळ वाचतो, चुका काढतो, शंका विचारतो, दुरुस्त करून घेतो आणि दुरुस्त केलेलं पुन्हा वाचतो. तिसरा, मेंटेनर, तो बदल मुख्य कोडमध्ये घेतो. पहिल्याचं नाव कायमचं नोंदलं जातं, तिसऱ्याचंही जातं. मधल्याचं नाव बहुतेक ठिकाणी कुठेच नसतं. ते लिहा म्हटलं की उत्तरं तयार असतात. रिव्ह्यू म्हणजे नुसतं वाचणं, त्याचं एवढं काय कौतुक? तसंही सगळं गिटहबवर दिसतंच. नाव हवं असेल तर स्वयंसेवेच्या वाटेला कशाला आलात? आणि एकदा नावं लिहायला लागलो की नावासाठी रिव्ह्यू करणारे गोळा होतील. शेवटी, फारच आग्रह असेल तर आवृत्ती निघताना सगळ्यांचे एकत्र आभार मानू.

‘नुसतं वाचणं’ हे काय असतं ते आधी पाहू. समजा, लोकलचं वेळापत्रक दाखवणारं एखादं मोफत ॲप आहे आणि कुणीतरी त्याचा मराठी अनुवाद करून पाठवला. ‘कसाऱ्याला जाणारी गाडी’ असं तिथे हवं. लिहिणाऱ्याला कीबोर्डवर ऱ सापडला नाही. युनिकोडमध्ये त्याला वेगळी जागा आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं साधा र घेतला, पाय मोडला, पुढे या जोडला, आणि पडद्यावर ‘कसार्याला’ उमटलं. कसाऱ्याकडच्या कुणाच्याही डोळ्यांत ते लगेच खुपेल. पण त्याच ॲपमध्ये घाटाचं वर्णन असेल, ‘दोन्ही बाजूंना खोल दऱ्या’ असं, आणि तिथेही हीच चूक झाली तर काय होईल? ‘खोल दर्या’ होईल. हा शब्द शुद्ध आहे, कोशात आहे. स्पेलचेकर त्याला हात लावणार नाही, प्रोग्रॅमच्या सगळ्या स्वयंचलित चाचण्या हिरव्या दिसतील, आणि कसाऱ्याच्या थळ घाटाच्या दोन्ही बाजूंना समुद्र पसरलेला राहील. हे पकडायला मराठी येणारा माणूसच लागतो, आणि तो वाक्य अर्थासकट वाचणारा लागतो.

याहून अवघड गोष्ट लिंगाची. ‘अमुक हटवलं’ अशा अर्थाचं एक वाक्य अनुवादासाठी येतं. ‘अमुक’च्या जागी फक्त टक्के आणि एस अशी खूण असते, प्रोग्रॅम चालताना तिथे नाव भरलं जातं. ते नाव फाइलचं असेल तर ‘हटवली’ हवं, फोल्डरचं असेल तर ‘हटवला’, चित्राचं असेल तर ‘हटवलं’. अनुवाद करणाऱ्यासमोर वाक्यांची लांबलचक यादी असते, संदर्भ नसतो. तो ‘हटवले’ लिहून पुढे जातो. रिव्ह्यू करणारा मूळ कोड उघडतो, हे वाक्य कुठून कुठून बोलावलं जातं ते शोधतो, प्रोग्रॅम चालवून पाहतो. मग मूळ प्रकल्पाला कळवतो की हे एक वाक्य तिन्ही ठिकाणी वापरू नका, तीन वेगळी द्या, नाहीतर मराठीत धड वाक्य होणारच नाही. यात त्याची अख्खी संध्याकाळ जाते. शेवटी बदललेल्या ओळी किती? तीन. आणि त्या ओळींवर नाव दुसऱ्याचं.

कोडचंही हेच आहे, किंबहुना जास्तच. पॅच लिहिणारा त्यात काय आहे ते पाहत असतो. चांगला रिव्ह्यूअर त्यात काय नाही ते शोधतो. इथे घेतलेलं कुलूप, म्हणजे लॉक, चूक झाली तर सोडलं जातं का? बाहेरून आलेला आकडा तपासल्याशिवाय वापरलाय का? हाच बदल त्या दुसऱ्या फाइलमध्येही लागणार होता, तो केलाय का? न लिहिलेली ओळ शोधून काढण्याला ‘नुसतं वाचणं’ म्हणणाऱ्यानं असं वाचून पाहिलेलं नाही, एवढंच मी म्हणेन.

अनुवादाच्या ज्या पीओ फाइली गेली कित्येक वर्षं जगभर वापरल्या जातात, त्यांच्या मथळ्यात ‘लास्ट-ट्रान्सलेटर’ अशी ओळ असते, ‘लँग्वेज-टीम’ अशीही असते. रिव्ह्यू करणाऱ्यासाठी ओळच नाही. विसर पडण्याची सोय फाइलच्या रचनेतच करून ठेवलेली आहे. ग्नोम या डेस्कटॉपच्या अनुवाद व्यवस्थेत मुद्रितशोधन हा स्वतंत्र टप्पा आहे, तो ओलांडल्याशिवाय अनुवाद सहसा पुढे सरकत नाही. तरी फाइलमध्ये उरतं ते अनुवादकाचंच नाव. उलट मोझिलाचं पोंटून घ्या. फायरफॉक्सचा अनुवाद तिथे होतो, आणि प्रत्येक वाक्यापाशी ते कुणी लिहिलं आणि कुणी मंजूर केलं, दोन्ही नोंदलेलं असतं. काम एकच, माणसंही त्याच जातीची. एका साधनाला ती आठवतात, दुसऱ्याला नाही. म्हणजे ही काही निसर्गाची रीत नव्हे. कुणीतरी तसं ठरवलं, आणि बाकीच्यांनी ते चालवून घेतलं.

‘सगळं गिटहबवर दिसतंच’ असं म्हणणाऱ्यांना मला विचारायचं आहे की कुणाला दिसतं, आणि कधीपर्यंत? लिनस टॉरवल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट हे बदलांची नोंद ठेवणारं साधन लिहिलं ते लिनक्स कर्नलसाठी. तिथे पॅच लिहिणारा एक आणि तो आत घेणारा दुसरा, हे नेहमीचंच होतं. म्हणून गिटच्या प्रत्येक नोंदीत, म्हणजे कमिटमध्ये, ऑथर आणि कमिटर अशा दोन जागा आहेत. तिसरी जागा नाही. रिव्ह्यूअरचं नाव टिकवायचं तर ते कमिटच्या संदेशात लिहावं लागतं, आपोआप ते कुठेही जात नाही. गिटहबवरच्या रिव्ह्यूच्या चर्चा, मंजुऱ्या, सूचना हे सगळं त्या कंपनीच्या सर्व्हरवर असतं. तुम्ही प्रकल्प क्लोन करून घेता तेव्हा त्यातलं अक्षरही तुमच्याकडे येत नाही.

अशी सेवा बंद पडली तर हे सगळं जाईल, ही भीती कल्पनेतली नाही. कोड ठेवण्याची गुगल कोड ही सेवा २०१६ मध्ये बंद झाली. फॅब्रिकेटर हे रिव्ह्यूचं साधन त्याच्या निर्मात्यांनी २०२१ मध्ये सांभाळायचं सोडलं, आणि त्यावर विसंबलेल्या एलएलव्हीएमसारख्या मोठ्या कंपायलर प्रकल्पानं २०२३ मध्ये आपले रिव्ह्यू गिटहबवर नेले. एलएलव्हीएमच्या जुन्या कमिटमध्ये ‘रिव्ह्यूड बाय’ अशी ओळ लिहिलेली सापडते, म्हणून तिथली नावं कोडबरोबर चालत आली. ज्या प्रकल्पांनी ती ओळ लिहिली नव्हती त्यांच्या माणसांचं काय? घर बदललं की नावं मागेच राहणार असतील, तर त्याला नोंद म्हणता येत नाही.

आणि आज तरी गिटहबवर काय दिसतं? व्यक्तीच्या पानावर रिव्ह्यूंचा वाटा दिसतो, हे खरं आहे. पण प्रकल्पाच्या ‘कॉन्ट्रिब्युटर्स’ पानावर कमिट मोजल्या जातात, वाढवलेल्या आणि काढलेल्या ओळी मोजल्या जातात. शंभर पॅच वाचून त्यांतले वीस वाचवणाऱ्या, पण स्वतः एकही कमिट न केलेल्या माणसाचं तिथे नावनिशाण नाही. नवखा माणूस प्रकल्पात कोण आहे हे पाहायला तेच पान उघडतो.

आता स्वयंसेवेचा उपदेश. या मुद्द्यावर मला सर्वांत जास्त संताप येतो. काम करावं, फळाची आशा धरू नये, असं रिव्ह्यूअरला सांगितलं जातं. मग ते लिहिणाऱ्याला का नाही सांगितलं? लेखकाचं नाव प्रत्येक कमिटवर असतं, ते काढा असं आजवर कुणी सुचवलेलं मी ऐकलं नाही. एमआयटी आणि बीएसडी हे परवाने वाचून पाहा. कोड हवा तसा वापरा, विका, बदला, पण हक्काची सूचना काढू नका, ही त्यांची अट आहे. नाव राखण्याच्या अटीवर ज्या जगानं आपला कायदेशीर पाया घातला, त्याच जगानं निम्म्या कष्टकऱ्यांना नाव मागणं हलकेपणाचं आहे असं सांगावं? निःस्वार्थ राहण्याचा आग्रह नेहमी त्याच माणसाला का, ज्याचं नाव आधीच गाळलेलं आहे?

आमच्या शहापूर-मुरबाडकडच्या मुलांसाठी हा प्रश्न पोटाचाही आहे. कसारा हे लोकलचं शेवटचं स्टेशन, मुंबईच्या टोकापर्यंत जायला सव्वादोन-अडीच तास. उंबरमाळी, खर्डी, आटगाव, आसनगावहून रोज ऐरोली, ठाण्याला ये-जा करणारी कितीतरी पोरं संगणकाची पदवी घेऊन आलेली आहेत. मुरबाडला तर रेल्वेही नाही, तिथली पोरं एसटीनं कल्याण गाठतात. मोठा प्रकल्प घरी बांधून पाहायचा तर दणकट लॅपटॉप लागतो, स्थिर नेट लागतं. पण पॅच वाचायला, त्यातली खोट ओळखायला, मराठी मजकूर तपासायला साधा फोन आणि डोकं पुरतं. गाडीत बसायला जागा मिळाली तर तेवढ्यात एखादा छोटा पॅच वाचून होतो. म्हणजे ज्या दारातून आमच्या भागातलं पोर या जगात सहज आत येऊ शकतं, नेमक्या त्याच दारावर नाव लिहायची पद्धत नाही. मुलाखतीत त्याला विचारतात, तुझ्या कमिट दाखव. तो काय दाखवणार? ‘मी वाचलं होतं, विचारा त्यांना’ असं सांगणार? आणि ज्यांची नावं कमिटवर असल्यामुळे नोकऱ्या झाल्या, त्यांनी याला निष्काम कर्म शिकवायचं? हे मला मान्य नाही.

नावासाठी रिव्ह्यू करणारे निघतील, ही शंका खरी आहे. निघतील. नुसतं ‘छान आहे’ लिहून मंजुरी देणारे आजही आहेत. पण कोड लिहिण्याच्या बाबतीत असं झालं तेव्हा आपण काय केलं? ऑक्टोबर २०२० मध्ये पॅच पाठवणाऱ्यांना बक्षीस देणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमाच्या टी-शर्टसाठी हजारो प्रकल्पांवर फालतू बदलांचा पाऊस पडला. कुणी रीडमी फाइलमध्ये एखादं विशेषण घुसडून पाठवलं, कुणी नुसती मोकळी जागा. मेंटेनर हैराण झाले. त्याच महिन्यात आयोजकांनी नियम बदलला, ज्या प्रकल्पांना भाग घ्यायचा आहे त्यांनीच तसं सांगावं असं ठरलं. त्या वेळी कुणी म्हणालं का, की यापुढे लेखकांची नावंच लिहू नका? लबाडी झाली म्हणून लेखकाचं श्रेय रद्द झालं नाही, श्रेयाचे नियम कडक झाले. मग रिव्ह्यूअरच्या वाट्यालाच हा न्याय का नसावा?

आणि नियम नव्यानं शोधायची गरजच नाही. लिनक्स कर्नलनं ते करून ठेवलेलं आहे. तिथे ‘रिव्ह्यूड-बाय’ ही सौजन्याची ओळ नाही, तिला निवेदनाचा दर्जा आहे. ती देणारा चार गोष्टी जाहीर करतो: मी हा पॅच तांत्रिकदृष्ट्या तपासला, माझ्या शंका लिहिणाऱ्याला कळवल्या आणि त्याच्या उत्तरांनी माझं समाधान झालं, यात सुधारणेला जागा असली तरी तो घेण्याजोगा आहे आणि त्याच्याविरुद्ध जाणारा दोष मला ठाऊक नाही, मात्र तो हमखास चालेल अशी हमी मी देत नाही. ज्यानं चालवून पाहिलं त्याच्यासाठी ‘टेस्टेड-बाय’ वेगळं. आपल्या हद्दीतल्या भागाला मेंटेनरनं संमती दिली असेल तर ‘ॲक्ड-बाय’ वेगळं, आणि त्यावरून त्यानं अख्खा पॅच वाचला असा अर्थ घ्यायचा नाही. दोष कळवणाऱ्याची ओळ आणखी वेगळी. आणि मला सर्वांत मोलाचा वाटतो तो नियम: पुढच्या आवृत्तीत पॅच बराच बदलला, तर आधी मिळालेलं ‘रिव्ह्यूड-बाय’ काढून टाकायचं, आणि काढलं हे सांगायचं. कारण त्या माणसानं जे वाचलं ते आता राहिलेलं नाही.

हा नियम वाचला तेव्हा मला परका वाटला नाही. कसाऱ्यात वाढलेल्या कुणालाही वाटणार नाही. १८६५ साली सुरू झालेला आमचा रेल्वेचा थळ घाट आहे, चढ सदतीसास एक. सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. रेल्वेच्या हिशेबात हा भिंतीसारखा चढ. कसाऱ्याहून वर जाणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात, ती इगतपुरीला सुटतात. पण रेल्वेतल्या माणसांना विचारा, चढण्यापेक्षा उतरण्याचं भय जास्त. म्हणून इगतपुरीहून खाली येण्याआधी ब्रेक तपासल्याशिवाय गाडी सुटत नाही. आणि गाडी मुळात जिथे तपासली जाते तिथून तिच्याबरोबर एक कागद निघतो, ब्रेक पॉवर सर्टिफिकेट. सगळे त्याला बीपीसी म्हणतात. किती डब्यांचे ब्रेक धरतात याची टक्केवारी त्यावर असते, हवेचा दाब असतो. कॅरेज-वॅगनच्या ज्या कर्मचाऱ्यानं हातात हातोडी आणि बॅटरी घेऊन, गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकून वाकून चाकं, ब्लॉक, पाइप पाहिलेले असतात, त्याच्या तपासणीची सही त्यावर असते. लोको पायलट आणि गार्डही सही करतात. तो कागद नसेल तर लोको पायलट गाडी हलवत नाही. आणि वाटेत गाडीची जुळणी ठरावीक मर्यादेपलीकडे बदलली, डबे काढले-घातले, तर तो दाखला रद्द धरतात. पुन्हा तपासा, पुन्हा सही करा.

ती सही म्हणजे त्या तपासनिसाचा मोठेपणा मिरवण्याचा सोस आहे, असं आजवर कुणी म्हणालेलं आहे का? गाडी इंजिनवाल्यानं ओढली, तपासणाऱ्यानं ‘नुसती पाहिली’, असं म्हणायची कुणाची हिंमत होईल? ती सही एकाच वेळी दोन गोष्टी करते. हे काम कुणी केलं ते सांगते, आणि पुढच्या माणसानं कशावर विसंबायचं तेही सांगते. या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत. म्हणून श्रेय अचूक हवं असं मी म्हणतो तेव्हा मी केवळ रिव्ह्यूअरची बाजू घेत नाही. जो कोड दहा वर्षांनी दुसराच कुणी उघडणार आहे, त्याची बाजू घेतो. हा भाग कुणाच्या नजरेखालून गेला, कोणत्या रूपात गेला, शंका आली तर कुणाला विचारायचं, हे त्याला कळायला नको?

इथे एक वेगळा आक्षेप येतो, आणि तो काही जण कळकळीनं घेतात. नाव लिहिलं की उद्या दोष निघाल्यावर त्या नावावर खापर फुटेल. मग रिव्ह्यू करायला कोण धजेल? २०१४ सालचा हार्टब्लीड हा सुरक्षादोष आठवा. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत ती चूक ३१ डिसेंबर २०११ रोजी आत आली. लिहिणाऱ्याच्या हातून घडली, तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटली, आणि एप्रिल २०१४ पर्यंत जगातल्या असंख्य सर्व्हरांची स्मृती बाहेर पाझरू शकत होती. त्यावर उत्तर म्हणून ओपनएसएसएलनं नावं लपवली का? उलट २०१४ नंतरच्या त्यांच्या कमिटमध्ये ‘रिव्ह्यूड-बाय’ ओळ नेमानं दिसू लागते. चूक दोघांच्या नजरेतून सुटू शकते हे त्यांनी मान्य केलं, आणि उपाय म्हणून आणखी डोळे, तेही नावानिशी, मागितले. कर्नलच्या निवेदनातला चौथा भाग, हमी देत नाही हा, याच भीतीवरचं उत्तर आहे. नाव लिहिणं म्हणजे फासावर चढणं नव्हे, हे नियमातच सांगून टाकता येतं.

शिवाय नाव नसल्यानं माणूस निर्धास्त होतो, हेच मुळात खोटं आहे. तो कंटाळतो आणि निघून जातो. एक्सझेडचं प्रकरण मार्च २०२४ मध्ये उघडकीला आलं. जगातल्या जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असलेलं हे छोटं साधन वर्षानुवर्षं मुख्यतः एका थकलेल्या मेंटेनरच्या खांद्यावर होतं. जिया टॅन या नावानं कुणीतरी दोन-अडीच वर्षं विश्वास कमावला, सहमेंटेनर झालं, आणि ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घुसवली. ते वाचून अडवणारा तिसरा माणूस प्रकल्पात नव्हता. रिव्ह्यूअरना श्रेय दिलं असतं तर हे टळलंच असतं, असा दावा मी करणार नाही. पण जिथे वाचणाऱ्याला कधीच मोजलेलं नाही तिथे वाचणारा उरत नाही, हे म्हणायला मी कचरणार नाही. ही चोरवाट शोधली अँड्रेस फ्रॉइंड यांनी, एसएसएचनं आत शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकल्यामुळे. ते पोस्टग्रेस या डेटाबेसचे डेव्हलपर. पोस्टग्रेसची रीत काय आहे? कमिटच्या संदेशात लेखक, रिव्ह्यूअर आणि चर्चेचा दुवा लिहितात. आवृत्तीच्या टिपणाच्या शेवटी पॅच लिहिणारे, तपासणारे, चाचणी करणारे, दोष कळवणारे अशा सगळ्यांची नावं वर्णानुक्रमानं देतात. स्वतःचा पॅच पाठवणाऱ्यानं दुसऱ्याचा तेवढाच कठीण पॅच वाचावा अशी तिथे अपेक्षा असते. वाचणं हे तिथे काम मानलं जातं, म्हणून तिथे ते होतं.

उरला सरसकट आभारांचा तोडगा. हा सर्वांत गोड, आणि माझ्या मते सर्वांत घातक. ‘सर्व रिव्ह्यूअरांचे मनःपूर्वक आभार’ या एका ओळीत चार संध्याकाळी खर्चून कुलपाची चूक शोधणारा आणि अंगठा दाखवून निघून गेलेला असे दोघेही एकाच मापानं मोजले जातात. ज्येष्ठ माणसाचं नाव शोभेला म्हणून घातलं जातं, त्यानं पॅच उघडलेलाही नसतो. हेही खोटंच, आणि गाळण्याइतकंच वाईट. एका प्रकल्पात माझ्या बाबतीत असं झालं. मी फक्त मराठी मजकूर तपासला होता. नोंदीत मात्र अख्खा बदल तपासल्याचं माझं नाव आलं, त्यात पासवर्ड साठवण्याचा भागही होता, आणि त्यातलं मी काहीही वाचलेलं नव्हतं. मी ते नाव काढायला लावलं. ‘अहो, तुमचं कौतुकच केलंय, राहू द्या की,’ असं मला सांगण्यात आलं. कसं राहू द्यायचं? उद्या कुणी माझं नाव वाचून तो भाग तपासलेला आहे असं समजलं तर? न केलेल्या कामाचं श्रेय घेणं म्हणजे वाचणाऱ्याची फसवणूक, आणि ज्यानं तो भाग खरोखर वाचला असेल त्याच्या वाटणीची चोरी.

आता तर हा प्रश्न पुढे ढकलायला जागाच राहिलेली नाही. कोड लिहिणारी यंत्रं आली. तासाभरात दहा पॅच कुणीही पाठवू शकतो, आणि पाठवतातच. यंत्रानं रचलेल्या खोट्या सुरक्षा-तक्रारी वाचता वाचता वेळ कसा फुकट जातो, हे कर्ल या प्रकल्पाच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी जाहीरपणे सांगितलेलं आहे. लिहिणं स्वस्त झालं, वाचणं तेवढंच महाग राहिलं, उलट वाचायचं काम वाढलं. ‘लिहिणं हे खरं काम’ म्हणणाऱ्यांनी आता तरी सांगावं, ज्या पॅचची एकही ओळ माणसानं लिहिलेली नाही आणि प्रत्येक ओळ माणसानं वाचलेली आहे, त्यावर नाव कुणाचं लावायचं?

मराठीत काम करणाऱ्या प्रकल्पांना, अनुवादाच्या गटांना, कॉलेजांतल्या ओपन सोर्स मंडळांना माझं मागणं अगदी साधं आहे. कमिटच्या संदेशात रिव्ह्यूअरची ओळ लिहा, त्यासाठी गिटमध्ये ट्रेलरची सोय तयार आहे. त्यानं काय वाचलं ते त्याच ओळीत लिहा: मजकूर, कोड की चालवून पाहिलं. नाव त्याला विचारून घाला. नंतर बदल झाला तर नाव काढा आणि त्याला कळवा. पीओ फाइलच्या डोक्यावर टिप्पणीची ओळ लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, तिथे ‘तपासलं’ म्हणून नाव आजच लिहिता येईल. हे सगळं प्रकल्पाच्या नियमांच्या फाइलमध्ये घाला, म्हणजे प्रत्येक नव्या मुलाला ते भीक मागितल्यासारखं मागावं लागणार नाही. ही ओळ जिथे नसेल तिथे मी यापुढे रिव्ह्यू करणार नाही. खर्डीची, शहापूरची, मुरबाडची जी पोरं माझ्याकडे हे काम शिकायला येतात, त्यांनाही मी हेच सांगतो: आधी त्या प्रकल्पाच्या जुन्या कमिट उघडा, वाचणाऱ्यांची नावं आहेत का ते पाहा, आणि नसतील तर तुमचा वेळ दुसरीकडे द्या.